सव्वाचार गुंजा

भिवंडीजवळच्या कोनला आमच्या घराच्या ओटीवर शिवणयंत्राचं एक जुनं टेबल आहे. यंत्र केव्हाच गेलं, टेबल राहिलं. त्यावर सध्या पाच डब्या, एक छोटा तराजू आणि एक वही असा संसार मांडलेला आहे. पाचही डब्यांत एकच वस्तू आहे: छर्ऱ्याच्या बंदुकीचे छर्रे. घरी आलेला पाहुणा चहा येईपर्यंत एखादी डबी उचलतो, कानाशी नेऊन खुळखुळवतो आणि विचारतो, "सगळे सारखेच की हो हे. पाच डब्या कशाला?"

पहिल्या महिन्यात मी या प्रश्नाचं उत्तर द्यायचो. चहा गार व्हायचा. आता मी म्हणतो, "स्वस्तात मिळाले," आणि पाहुणा समाधानाने बिस्कीट बुडवतो.

बंदूक थोरल्या काकांची. माळ्यावर, पितळेच्या घंगाळामागे, जुन्या लुगड्यात गुंडाळून ठेवलेली. दिवाळीच्या साफसफाईत माझ्या नातवाला सापडली. तिच्यावर आयएचपी अशी अक्षरं आहेत. ती पाहून नातवाने जर्मनी, ऑस्ट्रिया असे अंदाज बांधले. मी त्याला सांगितलं, अरे, ही इंडियन ह्यूम पाइप कंपनी. वालचंद हिराचंदांनी १९२६ साली काढलेली. गावोगाव पाणी नेणारे सिमेंटचे अजस्र नळ करणारी ती हीच. त्याच कंपनीने एके काळी एअरगनही केल्या. माणूस आत शिरेल एवढी नळी करता करता मुगाचा दाणा जाईल एवढ्या नळीकडे कोणाचं लक्ष कसं गेलं असेल, हे मला सांगता येणार नाही. पण कल्याण-भिवंडीच्या पट्ट्यात असं चालतंच. आमच्याकडे शेताचं गोदाम होतं, गोदामाचा कारखाना होतो, कारखान्याचं पुन्हा गोदाम होतं आणि शेवटी तिथे लग्नाचा हॉल उभा राहतो.

बंदूक साधी आहे. बंदूक मधोमध मोडायची, म्हणजे पोटातली जाड स्प्रिंग दबते आणि अडकून बसते. नळीच्या उघड्या तोंडात छर्रा बसवायचा, नळी सरळ करायची, चाप ओढायचा. गॅस नाही, दारू नाही, सेल नाही. दंडात जोर असेपर्यंत बंदूक चालते. माझ्या दंडात तो दिवसाला चाळीस बारांपुरता आहे. नातू कॉलेजात जातो, त्याचा हिशेब वेगळा. परवान्याची गरज नाही. नळी ४.५ मिलिमीटरची आणि जोर २० जूलच्या आत असेल तर २०१६च्या शस्त्र नियमांप्रमाणे ती परवान्याच्या भानगडीत येत नाही. आमची या मर्यादेच्या पुष्कळ आत आहे. काकांसारखीच, तेही कधी मर्यादा ओलांडणाऱ्यांतले नव्हते.

शेजारच्या गोदामवाल्याला बंदुकीची बातमी लागली तेव्हा तो कबुतरांसाठी ती उसनी मागायला आला. मी नाही म्हटलं. पाखरांच्या बाजूने १९७२चा वन्यजीव कायदा आहे, आणि आमच्या घरात त्याहून जुना एक कायदा आहे: माझी आई. वय नव्वदीच्या पुढे, पण बंदूक पाहिल्या पाहिल्या तिने दोनच प्रश्न विचारले. "कवऱ्याला आनलीस रं?" फुकट, म्हटल्यावर दुसरा: "आन कोनाला मारनार?" कोणाला नाही, पत्र्याच्या डब्याला, असं सांगितल्यावर तिने डबा कोणता तेही पाहून घेतलं. तेलाचा रिकामा आहे याची खात्री झाल्यावर परवानगी मिळाली.

खरी गोष्ट सुरू झाली ती मुंबईत, दुकानात. स्प्रिंग आणि दट्ट्याचं चामडं बदलून आणलं होतं, आता छर्रे हवे होते. मी आपला किराणा मागावा तसा म्हणालो, "एक डबी छर्रे द्या." काउंटरमागच्या माणसाने मान वर न करता विचारलं, "किती ग्रेनचे?"

शाळेतला बाकावरचा मित्र तीस वर्षांनी लोकलच्या दारात दिसावा, तसं मला झालं. ग्रेन! अहो, मी उभी हयात ग्रेनवर काढली आहे. भिवंडीत सायझिंगच्या, म्हणजे सुताला खळ देण्याच्या, खात्यात मी सूत तपासायचो. १२० वार सुताची लडी चाकावर गुंडाळून घ्यायची, आम्ही तिला ली म्हणायचो. दीड वाराचं चाक, ऐंशी फेरे. तिचं वजन ग्रेनमध्ये करायचं आणि १००० ला त्या आकड्याने भागायचं. उत्तर येतं तो सुताचा काउंट, म्हणजे बारीकपणाचा आकडा. ली २५ ग्रेन भरली तर सूत ४०चं, ५० भरली तर २०चं. व्यापारी पोत्यावर काय छापतो आणि आत काय भरतो, यातलं अंतर मी तीस वर्षं ग्रेनात मोजलं. जगात ग्रेन आता फक्त माझ्या वहीत उरला आहे अशी माझी समजूत होती. तो बंदुकीच्या दुकानात नोकरीला लागलाय, हे मला कोणी कळवलंच नव्हतं.

घरी येऊन मी बायकोला हे सांगायला लागलो. तिने तिच्या हिशेबाने विचारलं, "म्हणजे किती गुंजा?"

प्रश्न रास्त होता. तोळा १८० ग्रेनचा, हे इंग्रजांनी १८३३ साली ठरवून टाकलं. तोळ्याचे १२ मासे, माशाच्या ८ गुंजा. म्हणजे ९६ गुंजांत १८० ग्रेन. एक गुंज पावणेदोन आणि दोन ग्रेनच्या मधोमध बसते. मी वहीत मांडून पाहिलं. नातवाने मागवलेले कथिलाचे साडेपाच ग्रेनचे छर्रे जेमतेम तीन गुंजा. सपाट तोंडाचे ७ ग्रेनचे पावणेचार. गोल डोक्याचे ७.८७ ग्रेनचे सव्वाचारला जरा कमी. नेमबाजीच्या स्पर्धांत वापरतात ते ८.२ ग्रेनचे सव्वाचारला जरा जास्त. आणि १०.३४ ग्रेनचे ढोले साडेपाच गुंजा.

बायकोने यादी ऐकून घेतली. "सव्वाचारला जरा कमी आणि सव्वाचारला जरा जास्त. यासाठी दोन डब्या आणल्यात? माझी आई पाव गुंजेवरून सोनाराच्या पेढीवर तासभर बसायची, तेव्हा तुम्ही पायरीवर उभे राहून हसत होतात."

मी हसत होतो हे खरं आहे. पण त्या वेळी मला दट्ट्या माहीत नव्हता.

दट्ट्या म्हणजे स्प्रिंगच्या पुढे बसलेला पिस्टन. होळीची पिचकारी आठवा. तिचा दट्ट्या हाताने दाबायचा, इथे स्प्रिंग दाबते, एवढाच फरक. चाप ओढला की स्प्रिंग सुटते, दट्ट्याला पुढे ढकलते, दट्ट्या पुढची हवा कोंडतो, हवा छर्ऱ्याला हाकलते. इथवर कोणालाही कळतं. गंमत पुढे आहे. छर्रा जागचा हलतो तेव्हा दट्ट्या अजून धावतच असतो. जाताजाता छर्रा किती हवा अडवून धरतो, त्यावर दट्ट्याचं काय होणार ते ठरतं. ती कोंडलेली हवा हीच दट्ट्याची गादी. छर्रा फार हलका असेल तर तो आधीच पसार होतो, गादी विरते आणि दट्ट्या भरधाव जाऊन नळकांड्याच्या भिंतीवर डोकं आपटतो. छर्रा फार जड असेल तर तो लवकर हलतच नाही, हवा इतकी दाटते की दट्ट्या तिच्यावरून उलटा उडतो, मग पुन्हा पुढे येतो. बरोबर वजनाचा छर्रा असला तर दट्ट्या त्या गादीवर अलगद टेकतो.

थोडक्यात, वजन छर्ऱ्याचं असलं तरी ते सोसायचं दट्ट्याला असतं.

नातवाला हे पटायला वेळ लागला. त्याची सगळी भिस्त वेगावर. साडेपाच ग्रेनच्या डबीवर वेगाचा आकडा चांगला ठळक छापलेला होता आणि तो आकडा पाहूनच त्याने ती मागवली. त्याचंही चूक नाही. हलकी वस्तू जोरात जाते हे कोणीही सांगेल. मी त्याच्यासमोर हिशेब मांडला. बंदुकीत १० जूल आहेत असं धरू. ७ ग्रेनचा छर्रा सेकंदाला २१० मीटरने निघेल, ८.२चा १९४ने, १०.३४चा १७३ने. म्हणजे १० मीटरवरच्या डब्यापर्यंत जाता जाता पहिला ११ मिलिमीटर खाली येईल, शेवटचा साडेसोळा. वेगाची एवढी बढाई, आणि फरक पडला करंगळीच्या नखाच्या निम्म्याएवढा. तेवढी तर माशी वर धरता येते. माशी म्हणजे नळीच्या टोकावरचा नेम धरायचा उंचवटा, ज्यावर आमच्याकडे संध्याकाळी खरी माशीही येऊन बसते.

"पण आजोबा, आकडा मोठा आहे ना?" नातू म्हणाला.

तीस वर्षं पोत्यावरचा आकडा आणि पोत्यातलं सूत पाहिलेल्या माणसाला हा प्रश्न विचारू नये.

हिशेबाने मिटलं नाही तेव्हा मी जोबरमामांना बोलावलं. ते मूळचे सोलापूरचे. भिवंडीत चाळीस वर्षं माग दुरुस्त करून आता आमच्या गल्लीत मुलाकडे राहतात. त्यांना डोळ्यांनी कमी दिसतं, आणि कानांनी जरा जास्तच ऐकू येतं. खात्याच्या दारात उभं राहून, अठ्ठेचाळीस माग एकदम चालू असताना, सातव्या रांगेतल्या मागाचा पिकर सैल झालाय हे सांगणारा माणूस. त्यांना मागच्या पडवीत खुर्ची दिली. पडवीच्या लांबच्या टोकाला, भिंतीला टेकून चिंध्यांनी ठासून भरलेला लाकडी खोका आणि त्यापुढे डबा. छर्रा डब्यातून आरपार गेला तरी चिंध्यांत मुरतो. भिवंडीच्या आसपास राहण्याचे जे थोडे फायदे आहेत, त्यात चिंध्या कधीच कमी पडत नाहीत हा एक.

मामांनी डोळे मिटले. आम्ही काही न सांगता एकेका डबीतले बार काढले.

साडेपाच ग्रेन. टण्ण! मामांचा चेहरा आंबट झाला. "मास्तर, धोटा पेटीवर आपटतोय. पेटी फुटंल."

१०.३४ ग्रेन. धप्प, आणि त्याच्या पोटात आणखी एक बारीक धप्प. "हा जाऊन परत यायलाय. पिक जड बसलाय बघा."

७ ग्रेन. "बरं हाय. पण घाई करतोय."

मग ७.८७. आवाज असा काही आलाच नाही. दाराची कडी मऊ लागावी तसा. मामांनी डोळे उघडले. "बसला बघा."

मागाचं ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. धोटा म्हणजे शटल, पोटात बाण्याची कांडी घेऊन या पेटीतून त्या पेटीत सणसणत जाणारं लाकूड. त्याला पिकरचा मार, म्हणजे पिक, जास्त बसला तर तो समोरच्या पेटीत आपटून उलटा येतो, मार कमी पडला तर मध्येच ताण्यात अडकतो आणि शंभर तारा तोडतो. पेटीत जाऊन नेमका थांबला तरच कापड होतं. मामांनी बंदूक आयुष्यात हातात धरलेली नव्हती. पण जे जोरात सुटतं ते थांबणार कसं, याचाच विचार त्यांनी चाळीस वर्षं केला होता. हल्ली भिवंडीत धोट्याविना चालणारे माग आले. त्यातले काही तर हवेच्या झोताने बाणा फेकतात. मामा त्यांना माग म्हणत नाहीत, पंखे म्हणतात.

८.२ची पाळी आली तेव्हा मामांनी जरा वेळ घेतला. "हाबी बसतोय. पण पयला जास्त बसला." पाव गुंजेहूनही कमी फरक, आणि तो त्यांना पडवीच्या या टोकाला ऐकू आला. बायको आतून चहा घेऊन येत होती. तिने माझ्याकडे पाहिलं. मी सासूबाईंची मनातल्या मनात माफी मागितली.

नुसत्या कानावर विसंबणं मला तपासनीस म्हणून पटणारं नव्हतं. मग कागदावर पाच-पाच बार काढले. दहा मीटर अंतर, प्रत्येक डबीचे पाच. कथिलाचे पाच छर्रे पाच दिशांना गेले, वाटणी झालेल्या भावांसारखे. जड छर्रे उभ्या रेघेत पडले. ७.८७च्या पाचांवर पाच रुपयांचं नाणं ठेवलं, तर चार झाकले गेले आणि पाचवा नाण्याच्या काठावरून डोकावत राहिला. तो पाचवा माझ्या श्वासाचा, हे मी मान्य करतो. ८.२चे सपाट तोंडाचे असल्यामुळे कागदाला पंच मारल्यासारखी स्वच्छ गोल भोकं पडली. स्पर्धेत गुण मोजायला सोपं जावं म्हणून तिथे हेच वापरतात.

त्या स्पर्धांच्या जगात तर वेगळंच प्रकरण आहे. १९८४च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकपासून १० मीटर एअर रायफल हा ऑलिंपिकमधला खेळ झाला. त्यांच्या निशाण्याच्या मधला दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो, म्हणजे छर्रा स्वतः त्या ठिपक्याच्या नऊपट रुंद. अंजली भागवत सिडनीला २००० साली याच खेळाच्या अंतिम फेरीत गेल्या. आणि आमच्या ठाण्याच्या रुद्रांक्ष पाटीलने २०२२ साली कैरोला अठराव्या वर्षी जागतिक सुवर्ण घेतलं. त्यांच्या बंदुका आता कोंडलेल्या हवेच्या टाकीवर चालतात. त्यात स्प्रिंग नाही, धावणारा दट्ट्या नाही, त्यामुळे हिसकाही जवळजवळ नाही. तरी ती मंडळी एकाच कारखान्याच्या, एकाच वजनाच्या छर्ऱ्यांच्या वेगवेगळ्या खेपा आपल्या बंदुकीतून तपासून घेतात आणि जी खेप जुळेल ती साठवून ठेवतात. मुलीला शंभर स्थळं दाखवणाऱ्यांना आपण नावं ठेवतो.

आणि खेपेवरून आठवलं. या सगळ्यात मला सगळ्यात जास्त आनंद कशाने झाला असेल, तर डबीतल्या डबीत असलेल्या फरकाने. दुकानातून एक स्वस्त, बिननावाची डबीही आणली होती. तिच्यावर ७ ग्रेन लिहिलेलं. मी एकेक छर्रा तराजूत घातला. ६.६, ७.३, ६.९, ७.४. सरासरी काढली तर जवळजवळ चोख ७! हीच ती सुतातली जुनी लबाडी. सरासरी काउंट बरोबर दाखवायचा आणि एक वार जाड, एक वार बारीक घालायचं. व्यापारी सरासरी दाखवून निसटतो. विणकर मात्र सरासरी विणत नाही, तो समोर येईल ती तार विणतो. दट्ट्याचंही तेच. त्याला सरासरी ठाऊक नाही. त्याच्यापुढे या क्षणी जो छर्रा आहे तेवढाच तो जाणतो.

म्हणून मी वर्गवारीला लागलो. एकेक छर्रा वजन करून वेगळा ठेवायचा. लहान लहान सारख्या वाट्या कुठे मिळतील म्हणून इकडेतिकडे पाहिलं आणि एक उत्तम, गोल, सात वाट्यांचा डबा दिसला. दुपारची वेळ होती, स्वयंपाकघरात कोणी नव्हतं.

पुढचं थोडक्यात सांगतो. मिसळणाच्या डब्यात, हळदीच्या वाटीत शिसं पाहिल्यावर माझी बायको जे बोलली त्यातलं एकही वाक्य चुकीचं नव्हतं. शिसं विषारी असतं. छर्रे हाताळल्यावर साबणाने हात धुवायचे, जेवायच्या जागी ते न्यायचेच नाहीत, हे मी नातवाला स्वतः शिकवलं होतं. नवा स्टीलचा डबा आला. जुना मला मिळाला. मोहरीच्या जागी ७.८, हळदीच्या जागी ७.९, हिंगाच्या बारक्या वाटीत जे कुठेच बसत नाहीत ते. त्या वाटीतले मी सुरुवातीचा हात मोकळा करायला वापरतो.

हाताचंही एक शास्त्र निघालं. स्प्रिंगची बंदूक घट्ट आवळून धरली की नेम चुकतो. दट्ट्या पुढे सुटताना बंदूक मागे जाते, दट्ट्या थांबतो तेव्हा ती पुढे हिसकते, आणि या दोन्ही धक्क्यांच्या गडबडीत छर्रा अजून नळीतच असतो. तो हलका की जड, यावर तो कोणत्या धक्क्याच्या वेळी नळीबाहेर पडेल ते ठरतं. म्हणजे वजन बदललं की नुसती उंची नाही, दिशाही बदलते. उपाय एकच: बंदूक तळहातावर नुसती टेकवायची, तिला हवं तेवढं हलू द्यायचं, दर वेळी सारखं. पाव्हण्यांचं तान्हं मूल मांडीवर घेतो तसं. नातवाला मुलं घ्यायची सवय नाही, त्यामुळे यात मी त्याच्या पुढे आहे.

छर्ऱ्याच्या आकाराचंही सांगायचं राहिलं. तो डमरूसारखा असतो, मधे बारीक, मागे पोकळ घेर. आम्ही त्या घेराला परकर म्हणतो. हवा मागून दाबली की परकर फुलतो, नळीच्या आतल्या पीळदार खाचांना चिकटतो आणि हवा बाजूने निसटू देत नाही. एखाद्या छर्ऱ्याचा परकर डबीत खुळखुळून चेपला असेल तर बाकी वजन कितीही चोख असो, तो वाकडाच जाणार. म्हणून पाहुण्यांनी डबी कानाशी नेऊन खुळखुळवू नये. हे मी अजून कोणा पाहुण्याला तोंडावर बोललेलो नाही, इथे लिहून मोकळा होतो.

एक चूक मात्र माझ्या पदरात आहे आणि ती लपवून भागणार नाही, कारण शेजाऱ्यांनी ऐकली आहे. मध्ये एकदा बंदूक कुरकुरायला लागली. मागाला तेल घालतात तसं मी हिलाही घातलं, नळीच्या तोंडातून चार थेंब सोडले. चार म्हणजे माझे चार. पहिल्या बाराला असा काही धडाका झाला की समोरच्या गोदामातले हमाल बाहेर आले. नळीतून निळा धूर निघत होता आणि डिझेलच्या टेम्पोसारखा वास. झालं होतंही तेच. दट्ट्या हवा इतक्या झटक्यात दाबतो की ती भयंकर तापते, आणि तिच्यात तेल असेल तर ते पेटतं. डिझेलचं इंजिन याच तत्त्वावर चालतं. त्या दिवशी आमच्या ७ ग्रेनच्या छर्ऱ्याने साडेपाचच्या डबीवर छापलेला वेग बहुधा गाठला असावा. नातू खूश होता. मी आठवडाभर बंदूक उघडून, पुसून, पुन्हा उघडून पुसत होतो. आईने ओटीवरून एवढंच विचारलं, "डब्यालाच मारलंस ना रं?"

चार महिन्यांनी वहीत शेवटची ओळ लिहिली: ७.८७ ग्रेन, गोल डोकं, ही बंदूक, ही स्प्रिंग. 'ही बंदूक' या शब्दांखाली दोनदा रेघ मारली, कारण उद्या दुसरी बंदूक आणली तर हे सगळं पहिल्यापासून. एकाच कारखान्याच्या, एकाच नमुन्याच्या दोन बंदुकांना वेगवेगळे छर्रे मानवतात. हे वाचून कोणी दुकानात जाऊन माझा आकडा सांगू नये. मधल्या वजनापासून, म्हणजे ७ ते साडेआठ ग्रेनपासून सुरुवात करावी, फार हलके आणि फार जड दुकानातच ठेवावेत, दोन-तीन डब्या घ्याव्यात आणि शेजारी एखादे जोबरमामा असतील तर त्यांना चहाला बोलवावं.

नवरात्रात आम्ही दुर्गाडीला गेलो. कोनहून पूल ओलांडला की खाडीच्या पलीकडे किल्ला. शिवाजी महाराजांनी १६५७ साली कल्याण-भिवंडी घेतली तेव्हापासून या काठाचा मान मोठा. देवीचं दर्शन झालं, आणि खाली जत्रेत फुग्यांचा स्टॉल दिसला. लाल, पिवळे, निळे फुगे फळीवर टाचलेले, आणि पुढे साखळीला बांधलेली स्प्रिंगचीच बंदूक. मी खिशातून कागदाची पुडी काढली. हळदीच्या वाटीतले, ७.९चे, निवडक दहा.

स्टॉलवाल्याने पुडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "काका, आपले छर्रे नाय चालत," तो म्हणाला आणि त्याच्या पत्र्याच्या वाटीतले मूठभर माझ्यापुढे ओतले. कशाचे, किती ग्रेनचे, विचारायची सोय नव्हती. मागे रांग होती.

दहात माझे चार फुगे फुटले. नातवाचे सात.